आई रोज सदाफुलीची पानं खाते. मदत हवी आहे

आई डिचोलीला असते, वय ६८, मधुमेह १२ वर्षं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चवथीला घरी गेलो तेव्हा कळलं, दोन महिने ती तुळशीपाशी लावलेल्या सदाफुलीची पाच-सहा पानं अनशापोटी चावून खाते. शेजारच्या काकींनी सांगितलेलं गावठी वखद. परवा अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर मोजली तर ५८! साखरपाणी दिल्यावर सावरली.

आजी गांधीलमाशी चावली की याच पानांचा रस चोळायची, म्हणून आईचा विश्वास पक्का. "देवाला वाहतो ती फुलं, त्यानं काय व्हायचंय?" म्हणते. तिला दुखवायचं नाही, पण भीती वाटते. गोळ्यांबरोबर पानं चालतात का? समजवायचं कसं?

प्रतिसाद:
दादा, पानं आजच थांबवा. मी म्हापशात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ग्लिमेपिराइडने एकट्यानेही साखर उतरते, त्यात न्याहारी उशिरा झाली की जास्तच. घाम आणि थरथर झाल्याचं तिच्या डॉक्टरांना सांगा, पानांसकट. गोळ्या स्वतःहून कमी करू नका.

आईंना ही गोष्ट सांगा. मधुमेहावर सदाफुलीचा काढा जमैकातही प्यायचे. तिथून १९५२ साली २५ पानं कॅनडात पोचली. तिथले संशोधक रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क पाजला, साखर काही उतरली नाही. तोच टोचला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. त्यातूनच व्हिन्ब्लास्टीन मिळालं, कॅन्सरचं औषध. पुढे याच झाडातून आलेलं व्हिन्क्रिस्टीन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना देतात, तेही शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत. अंगणातल्या पानात किती आहे ते कोण मोजणार? झाड ठेवा, फुलं देवाला वाहा. पोटात मात्र नको. सीबीसीही, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार, ताई. उंदरांचं ऐकून आई बराच वेळ गप्प होती. पानं बंद केली, उद्या सीबीसी करतो. डॉक्टरांनाही दाखवतो. आता तिलाच काकींची काळजी लागली आहे, त्या वर्षभर खातात आणि गोळ्या सोडून बसल्या आहेत. संध्याकाळी दोघं त्यांच्याकडे जाऊन येतो.