आराखड्यात आधी वारा काढा, मग पाणी, दगड शेवटी

पाटकरी

बागेचा किंवा चौकाचा आराखडा बघताना एक गोष्ट मला कायम खटकते. फरशी कुठल्या दगडाची, बाक कुठे, झाडं कुठली हे सगळं बारकाईने ठरलेलं असतं. वारा म्हणजे कोपऱ्यातला एक बाण, आणि पाणी म्हणजे उरलेल्या जागेतला निळा गोल. उघड्यावर माणूस दोन मिनिटांत उठतो की तासभर रमतो, हे मात्र दगडावर ठरत नाही. अंगाला लागणारा वारा, सावली, ओलावा आणि कानावर पडणारा आवाज यांवर ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं की भूदृश्यरचनेत हवा आणि पाणी हीच पहिली सामग्री आहे आणि दगडाइतक्याच कसोशीने तिचं काम व्हायला हवं.

कसोशीने म्हणजे कसं, ते सांगतो. स्पेनमधल्या ग्रॅनडात अल्हाम्ब्रा या जुन्या राजवाड्याला लागून हेनेरालिफे बाग आहे. तिथल्या एका जिन्याच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ आहे आणि तिच्यातून पाणी वाहतं. चढताना कठड्याला हात लावला की बोटं थेट पाण्यात. पाणी थोडंच आहे, पण ते हाताच्या उंचीवर आणून ठेवलंय.

मुघल बागांमधली ‘चादर’ घ्या. वरच्या पातळीवरचं पाणी खाली उतरवणारा हा तिरका दगड. त्यावर खवल्यांची नक्षी कोरलेली असते. गुळगुळीत दगडावरून तेच पाणी दिसेल न दिसेल असं घसरून गेलं असतं. नक्षीवर आपटून ते फुटतं, खळखळतं आणि पांढरंशुभ्र होतं. हा पांढरा रंग पाण्यात अडकलेल्या हवेचा आहे, म्हणजे कारागिराने दगड कोरला तो पाण्यात हवा मिसळायला.

काठाचंही तसंच. गोलसर काठावरून पातळ थर सोडला तर पाणी दगडाला चिकटून मागे वळतं, भिंतीवर ओघळतं आणि वर्षभरात तिथे काळे पट्टे दिसू लागतात. काठ धारदार ठेवला आणि खालच्या अंगाला खाच दिली की तोच थर सुटा पडतो. पाण्याचा हा पडदा आणि भिंत यांच्यामध्ये बाजूने हवा शिरायला वाट मात्र ठेवावी लागते, नाहीतर पडदा भिंतीकडे ओढला जातो. इतका बारीक विचार आपण फरशीच्या सांध्यांचा करतो, पाण्याचा का नाही?

---

कोरडा_हौद

उदाहरणं सुंदर आहेत, निष्कर्षाशी मात्र अजिबात सहमत नाही.

अल्हाम्ब्रा काय किंवा काश्मीरमधल्या मुघल बागा काय, तिथे डोंगरावरचं वाहतं पाणी हाताशी होतं. आजच्या बहुतेक जागांवर उतार नाही आणि झराही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग येतो पंप. जिनिव्हाचं प्रसिद्ध कारंजं दर सेकंदाला ५०० लिटर पाणी १४० मीटर उंच फेकतं आणि त्यासाठी त्याचे पंप सुमारे एक मेगावॅट वीज घेतात. हे टोकाचं उदाहरण आहे, कबूल. पण तत्त्व लहान कारंज्यालाही लागू आहे: पाणी वर चढवायचं, ते खाली पडू द्यायचं, पुन्हा वर चढवायचं, आणि हे रोज.

दुसरं म्हणजे, पाण्याचा भास पाण्याशिवायही होतो. जपानमधल्या क्योतोच्या र्योआन-जी मंदिरात पांढरी खडी आहे, १५ दगड आहेत, पाण्याचा थेंब नाही. दाताळ्याने ओढलेल्या त्या रेघांपुढे माणसं तासन्‌तास बसतात.

आणि हवेबद्दल तर स्पष्टच बोलतो. जी वस्तू दर तासाला दिशा बदलते, तिचा आराखडा कसला काढणार? २००२ साली स्वित्झर्लंडच्या प्रदर्शनात नशातेल सरोवरावर धुक्याची इमारत उभी केली होती, ‘ब्लर बिल्डिंग’. सरोवराचंच पाणी हजारो नोझलांतून फवारायचे आणि हवामान बघून संगणक दाब कमी-जास्त करायचा. प्रदर्शन संपलं आणि इमारत काढून टाकली. काही महिन्यांच्या प्रदर्शनात हे खपतं. कायमच्या सार्वजनिक जागेत जबाबदारी कोण घेणार?

---

वातकुक्कुट

दिशा बदलते म्हणून आराखडा नको, हे पटत नाही. वारा रोज बदलतो, पण वर्षाचा हिशेब मांडला की प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिशा ठळक निघतात. जर्मनीतलं स्टुटगार्ट शहर खोलगट जागेत वसलेलं आहे आणि तिथे वारा मुळात कमी. नगरपालिकेने १९३८ सालीच हवामानतज्ज्ञ नेमला. रात्री टेकड्यांवरची गार हवा जड होऊन उतारावरून खाली येते. तिच्या वाटेत इमारती येऊ नयेत म्हणून तिथे हिरवे पट्टे राखले जातात. ही हवेचीच रचना झाली, आणि तिला पंप लागत नाही.

दुर्लक्ष केलं की काय होतं तेही बघा. उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि पायथ्याशी वेग धरतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस या इमारतीजवळ २०११ मध्ये वाऱ्याने ट्रक उलटला आणि एका पादचाऱ्याचा जीव गेला. नंतर वारा अडवायला रस्त्याच्या वर भलेमोठे आडोसे बसवावे लागले. हे वरातीमागून घोडं झालं.

वारा अडवतानाही भरीव भिंत हा चुकीचा उपाय आहे. भिंतीवरून उडी मारून वारा पलीकडे भोवरे करतो. साधारण निम्मी सच्छिद्र झाडांची रांग वाऱ्याला गाळून सोडते आणि तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आसरा मिळतो. उलट, अरुंद रहदारीच्या रस्त्यावर दाट झाडांचं छत केलं तर खालचा धूर तिथेच कोंडतो. ‘झाडं लावा’ एवढं म्हणून भागत नाही. कुठे, किती दाट, फांद्या किती उंचीवर, हे वारा ठरवतो.

पाण्याने जागा गार होते, या नेहमीच्या दाव्याबद्दल मात्र माझा मतभेद आहे. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ झाली तर सुमारे १००० घनमीटर हवा दोन अंशांनी गार होते. ऐकायला छान वाटतं. पण १० मीटर रुंद आणि १० मीटर उंच जागेतून सेकंदाला एक मीटर, म्हणजे अगदी मंद वारा असला, तरी दर १० सेकंदांना ती हवा बदलते. तो दोन अंशांचा फरक टिकवायला तासाला ३६० लिटरची वाफ लागेल. आणि हवा आधीच दमट असेल तर वाफ होणारच नाही, नुसतं चिकचिकेल. थंडाव्याच्या नावाखाली कारंजं विकणाऱ्याला हा हिशेब जरूर विचारा. त्याआधी सावली करा. उन्हातून सावलीत आल्यावर हवेचं तापमान फारसं बदललेलं नसतं, तरी शरीराला पडणारा फरक कुठल्याही तुषारापेक्षा मोठा असतो.

---

निगराणी

मी देखभालीच्या बाजूने बोलते, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

उद्घाटनाच्या फोटोत प्रत्येक कारंजं सुंदर असतं. पुढे जड पाण्याचे क्षार नोझलात बसतात आणि धार वाकडी होते. पानगळीत गाळणी रोज तुंबते. पंप कोरडा चालला की जळतो, आणि दुरुस्तीची तरतूद कुणी केलेली नसते. वारा वाढला की तुषार पायवाटेवर येतो, फरशी निसरडी होते, मग पहारेकरी कारंजंच बंद करून टाकतो. धार जितकी उंच, निदान तितकं अंतर चारही बाजूंनी मोकळं ठेवायला हवं. वाऱ्याचा वेग मोजून धार आपोआप बुटकी करणारी यंत्रणाही मिळते, पण खर्च कापताना पहिली तीच जाते.

तुषाराचा आणखी एक धोका आहे. कोमट, साचलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात आणि सूक्ष्म थेंबांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात. निर्जंतुकीकरणाची रोजची सोय नसेल तर धुक्याचं कारंजं लावूच नये. यावर मी तडजोड करणार नाही.

---

शिशिर

सगळे उसळत्या पाण्याबद्दलच बोलताय. फ्रान्समधल्या बोर्दो शहराचा ‘जल-आरसा’ २००६ सालचा: ३४५० चौरस मीटर ग्रॅनाइटवर फक्त दोन सेंटिमीटर पाणी. प्रतिबिंबाला खोली लागत नाही, तळ गडद आणि पृष्ठभाग निवांत असला की पुरे. पाणी काढून घेतलं की तोच भाग चौक म्हणून वापरता येतो. निगराणी यांच्या बऱ्याच तक्रारी इथे गळून पडतात.

---

पाटकरी

वातकुक्कुट, थंडाव्याचा हिशेब मान्य. मी थंडाव्यापेक्षा आवाजावर भर देईन. न्यूयॉर्कचं पेली पार्क (१९६७) म्हणजे दोन इमारतींमधली एक चिंचोळी जागा. मागच्या भिंतीवरून सुमारे सहा मीटर उंचीचं पाणी कोसळतं. डेसिबलमध्ये मोजलं तर तिथला आवाज वाढलेलाच निघेल. पण सलग, एकसुरी आवाजाखाली हॉर्न आणि इंजिनं बुडून जातात आणि दोन माणसं शेजारी बसून खाजगी बोलू शकतात. कोरडा_हौद, र्योआन-जीची खडी डोळ्यांना पाणी दाखवते, पण रहदारीच्या शहरात ती कानाला काही देत नाही.

राहिला पंपाचा मुद्दा. इटलीतल्या तिवोलीच्या व्हिला देस्ते या बागेतली शेकडो कारंजी सोळाव्या शतकात नदीचं पाणी वळवून केवळ उतारावर चालवली. तिथल्या ऑर्गन कारंज्यात पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खेचून बंद कोठीत नेतं, तिथे ती दाबली जाते आणि नळ्यांमधून सूर निघतात. पाणी आणि हवा एकाच यंत्रात, वीज नाही. उतार नसेल तिथे पाऊस तरी आहेच. बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झला छपरांवरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून तळ्यांना दिलं जातं. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात (२०१३) खोलगट मैदानं केली आहेत. एरवी मुलं तिथे खेळतात, मुसळधार पाऊस झाला की तिथे १७ लाख लिटर पाणी मावतं आणि गटारांवरचा ताण हलका होतो.

---

कोरडा_हौद

रॉटरडॅमचा चौक मला मनापासून आवडतो, आणि नेमकं त्याच कारणासाठी मी अजूनही तुमच्या विरुद्ध आहे. तिथे पाणी आलं नाही तरी जागा पूर्ण आहे. पेली पार्कमध्ये पंप बंद पडला की उरते भिंत आणि खुर्च्या. म्हणून माझी अट साधी आहे: पाण्याचा प्रत्येक आराखडा आधी कोरडा काढून दाखवा आणि त्यावर मंजुरी घ्या. ज्या बांधकामाला कोरडेपणी अर्थ नाही ते बांधू नका.

---

पाटकरी

अट निम्मी मान्य. कोरडा आराखडा हवाच. पण पेली पार्कचा पंप बंद पडतो म्हणून पेली पार्कच नको, हे मला मान्य नाही. दिवा विझतो म्हणून आपण रात्रीच्या जागा बांधायचं थांबत नाही, दिव्याची देखभाल करतो. आराखड्याबरोबर देखभालीची वार्षिक तरतूद आणि माणूस नेमल्याचं पत्र जोडा, मग कोसळतं पाणी मागा.

---

निगराणी

पत्राला माझा पाठिंबा. त्यात एक ओळ वाढवा: पावसाचं पाणी साठणारी जागा दोन-तीन दिवसांत रिकामी व्हायला हवी, कारण उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. आणि तळाशी साचलेला गाळ काढायला फावडं घेऊन माणूस उतरेल, एवढा रुंद रॅम्प आराखड्यात आधीपासून हवा.