साध्या कपड्यांत सायकल चालते, मग खास कपडे कशाला?

सकाळची_स्वारी:
रोज ऑफिसला सायकलने जाते, एका बाजूचं अंतर ८ किमी. पँट-शर्टमध्ये काहीच अडत नाही. आता रविवारी ग्रुपबरोबर ६० किमीला जायचं ठरतंय आणि तिथे सगळे घट्ट जर्सी, पॅडच्या शॉर्ट्स, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून येतात. अंगाला चिकटणारे कपडे घालून बाहेर पडायला मला फार संकोच वाटतो. खरंच लागतं का हे सगळं? एकच गोष्ट घ्यायची तर कोणती?

उलटा_वारा:
ऑफिसच्या ८ किमीसाठी काहीही बदलू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. कपडे बदलायचा सोपस्कार मागे लागला की रोजची सायकल हळूहळू सुटते. उजव्या पायाची पँट तेवढी दुमडा, चेन त्याच बाजूला असते.

६० किमीचं गणित वेगळं. तिथे छळते ती शिवण. जीन्सच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात, नेमका तोच भाग सीटवर टेकतो आणि मिनिटाला ७०-८० वेळा पेडल फिरताना जांघ तिथेच घासत राहते. सुती कापड घाम धरून ठेवतं, ओली कातडी लवकर सोलवटते. म्हणून एकच घ्यायची तर पॅडची शॉर्ट्स. ती आतल्या कपड्यांशिवायच घालायची! आत काही घातलंत की शिवण परत आलीच. दर वेळी धुवायची, न धुता पुन्हा घातली तर पुळ्या ठरलेल्या. संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफ पँट चढवा. आत पॅड आहे हे कुणाला कळतही नाही.

जर्सी नंतर बघू. पळायला जाताना घालतात तो पॉलिएस्टरचा टी-शर्ट चालतो. क्लीटचे बूट तर आत्ता नकोतच, कडक तळव्याचे साधे बूट पुरेत.

मागचा_दिवा:
शॉर्ट्सच्या आधी सीट बघा. बसायच्या हाडांना आधार मिळेल एवढी ती रुंद हवी. फार मऊ जेलची सीट दाबली जाते आणि सगळा भार नाजूक भागावर येतो. तिथे पॅड काही करू शकत नाही.

उलटा_वारा:
सीटचं शंभर टक्के पटलं. उंचीही तपासा, सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि घासणं वाढतं.

सकाळची_स्वारी:
सैल पँट वरून घालायची युक्ती आवडली. पहाटे अंधारात निघणार आहोत, त्यासाठी चमकणारं जॅकेट घेऊ का?

मागचा_दिवा:
आधी पुढे-मागे दिवे. मग घोट्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांधा. वरखाली हलणारे पाय दिसले की मागच्या चालकाला समोर सायकलवर माणूस आहे हे लगेच उमगतं, आणि त्याच पट्टीने पँटही चेनपासून दूर राहते. हेल्मेट मात्र दोन्हीकडे, ऑफिसलाही.

उलटा_वारा:
आणि नवी शॉर्ट्स थेट ६० किमीला नका घालू. आधी एखादी १५-२० किमीची फेरी मारून बघा, पॅड कुठे सरकतंय का ते तेवढ्यात कळेल.