गंगापूर धरणाकडची सायकल सहल आणि वाइन टेस्टिंग: पाहुण्यांना नेऊ का?

इंदिरानगरकर_ताई
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून मावसभाऊ, वहिनी आणि त्यांचा १९ वर्षांचा लेक आमच्याकडे नाशकात येतोय. त्र्यंबक, पंचवटी मागच्या खेपेला झालं. या वेळी वहिनींनी आधीच फर्मान काढलंय, "तुमच्याकडची वाइन बघायची, पण गाडीत बसून नाही." एका गाइडवाल्या सायकल सहलीची जाहिरात पाहिली. पहाटे गंगापूर रोडवरून निघायचं, धरण, द्राक्षबाग, मग वायनरीत टेस्टिंग. सायकली त्यांच्याच. २६ ला सगळ्यांना सुट्टी, म्हणून तोच दिवस धरावा म्हणते. दादा रोज चालतो, पण कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. मी स्वतः पीत नाही. जमेल का हे? आणि थंडीचं काय?

सिडकोवाला
ताई, २६ जानेवारीला ड्राय डे. नुसती द्राक्षं बघून याल. शनिवार-रविवारही टाळा, मुंबईच्या गाड्यांनी तो रस्ता भरलेला असतो.

मळेवाला_मखमलाबाद
आमची बाग खाण्याच्या द्राक्षांची. पण ओळखीतला एक पोरगा अशा सहली नेतो, त्याला माणूस कमी पडला की पंक्चरची पेटी घेऊन सगळ्यात मागे मी असतो. म्हणून सांगतो.

पैसे भरायच्या आधी एकच विचारा: टेस्टिंगनंतर परत सायकलवर आणता की टेम्पोत? सायकलवर म्हणाले की फोन ठेवून द्या. पाच-सहा वाइन, प्रत्येकी दोन घोट, ऐकायला काहीच नाही. पण पोटात पहाटेचा चहा-बिस्किट, डोक्यावर चढलेलं ऊन, अन् समोरून ट्रॅक्टर. टेबलावर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, पण आपला माणूस त्यात थुंकत नाही. पैसे मोजलेत ना भो!

दादांचं जमेल. रस्ता बराचसा सोपा, वायनरीकडे वळल्यावर थोडा चढ. गिअरची सायकल मागा. सुला, यॉर्क, सोमा सगळ्या याच पट्ट्यात आहेत, पण तिन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट नको. एकच निवांत बघा.

थंडीला कानटोपी आणि हातमोजे हवेतच, हँडलवर बोटं गारठतात. पहाटे एखाद्या बागेत धूर दिसला तर घाबरू नका. पारा फार उतरला की तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात, म्हणून आम्ही शेकोट्या पेटवतो, पहाटेच ड्रिपचं पाणी सोडतो. निफाडकडे तर विचारूच नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा व्हॉट्सॲपवर आला की आमच्या पोटात गोळा येतो, आणि तुम्ही लोक त्यालाच 'गुलाबी थंडी' म्हणता.

आता खरी मजा. बागवाल्याला विचारून वाइनच्या वेलीवरचा एक मणी तोंडात टाका. हरभऱ्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. वहिनी म्हणतील, हे काय द्राक्ष! पण गोडी आमच्या थॉमसनपेक्षा, म्हणजे खाण्याच्या द्राक्षापेक्षा, जास्त. थॉमसन आम्ही १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) आसपास उतरवतो, हा माल २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात. लाल जातीची साल चावली की जीभ आखडते. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरी नुसत्या रसाची, म्हणून तेच आखडणं पुढे ग्लासातही लागतं. मणी चाखून गेलेला माणूस टेस्टिंगला नुसती मान डोलवत नाही. जानेवारीअखेर पांढऱ्या जातींची, म्हणजे शेनिन ब्लांक वगैरेची, तोडणी चालू असते, तेव्हा क्रेट उलटताना बघायला मिळण्याची शक्यता बरीच. शिराझ, कॅबर्ने या लाल जाती मागून.

तुम्ही पीत नाही तर काहीच अडत नाही, टाक्या आणि लाकडी पिंपं बघा. भाच्याला मात्र टेस्टिंग नाही, वाइनला आपल्याकडे वय २१ लागतं. त्याला आधीच सांगा, तिथे तोंड पाडून बसायला नको.

इंदिरानगरकर_ताई
फोन केला. टेम्पो आहे, सायकलीही त्यातच टाकतात म्हणाले. तारीख २८ धरली. फक्त नाश्ता टेस्टिंगनंतर ठेवलाय, आणि तोही मिसळ.

मळेवाला_मखमलाबाद
नाश्ता आधी करायला लावा, रिकाम्या पोटी नको. पण मिसळ नको. तर्रीनंतर जिभेला शेनिन काय कळणार? सकाळी पोहे खा, मिसळ परतताना.

सिडकोवाला
नाशकात आलेल्या पाहुण्याला सकाळी पोहे? निषेध.