मदत हवी आहे: सासूबाईंचे पैसे उपासना मंडळातल्या 'योजनेत' अडकलेत (बडोदा)

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) 68 वर्षांच्या आहेत. दर गुरुवारी उपासनेला जातात, गेली कित्येक वर्षं. मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सासरे गेले तेव्हा याच बायकांनी तेरा दिवस आमचं घर सांभाळलं होतं, तेव्हा 'मंडळच सोडायला सांगा' हा सल्ला कृपया नको.

मंडळाचा हिशेब बघणारे एक काका आहेत. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी 'आपल्यातल्या आपल्यात' म्हणून एक योजना सुरू केली. महिन्याला 3 टक्के, म्हणजे वर्षाचे 36. बँक एफडीवर 7 टक्क्यांच्या आसपास देते तेव्हा हे 36 येतात कुठून? उत्तर एवढंच, की अहमदाबादला कोणी ओळखीचे गृहस्थ शेअर बाजारात पैसे फिरवतात. आईंनी सासऱ्यांच्या पीएफमधून केलेल्या एफडी मोडून 7 लाख दिले. 4 लाख बँकेतून, 3 लाख रोख. आम्हाला हे बऱ्याच उशिरा कळलं.

परतावा कसा मिळायचा ते सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. आरती झाली की काका प्रसादाच्या पुडीबरोबर एक पाकीट हातात ठेवायचे. पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलं. आई ते डोळ्यांना लावून घरी आणायच्या, रात्रभर देवघरात ठेवायच्या आणि सकाळी उघडायच्या. 21 हजार, मोजून. आता त्या पैशाबद्दल शंका काढली की त्यांना वाटतं मी प्रसादावरच शंका घेतेय.

गुरुपौर्णिमेनंतर पाकीट उशिरा यायला लागलं, पितृपक्षापासून बंदच. काका म्हणतात, रक्कम मुद्दलात जमा केली आहे. आईंकडे एक लाल वही आहे, त्यात तारीख, आकडा आणि काकांची आद्याक्षरं. शिवाय काकांच्या सहीचा 7 लाखांचा चेक, पण तारीख कोरी.

गेल्या गुरुवारी त्यांनी सगळ्यांना एक छापील संमतीपत्र दिलं. त्यात लिहिलंय की ही रक्कम 'स्वेच्छेने दिलेली हातउसनी' आहे, तिच्यावर कोणताही परतावा ठरलेला नव्हता आणि आणखी दोन वर्षं मागणार नाही. सही करणाऱ्यांचे पैसे आधी परत करणार म्हणे. आई सही करायच्या तयारीत आहेत. कागद सध्या माझ्याकडे आहे.

'देवाच्या दारात कोण फसवेल?' असं त्या म्हणतात. मी त्यांना सांगितलं की 1920 साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी नावाच्या ठगाने आधी आपल्याच इटालियन लोकांना ओढलं. फ्लोरिडात ग्रेटर मिनिस्ट्रीज नावाच्या संस्थेने बायबलमधलं वचन दाखवून पैसे दुप्पट करून देण्याचं आमिष दाखवलं. बेंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी 2019 मध्ये बुडाली, तिथे व्याज निषिद्ध मानणाऱ्यांना 'नफ्यातला वाटा' म्हणून पैसे गुंतवायला लावले होते. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आपले काका तसे नाहीत. मलाही ते लबाड वाटत नाहीत. त्यांचे स्वतःचे पैसेही त्यात असतील. पण नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा दिला जात असेल, तर मधला माणूस सज्जन असून काय उपयोग?

माझे प्रश्न: संमतीपत्रावर सही केली तर काय होईल? रोख दिलेल्या 3 लाखांमुळे आईच अडचणीत येतील का? आणि माझी सगळ्यात मोठी काळजी म्हणजे आईंनी मावशींना आणि शेजारच्या काकूंनाही यात आणलंय. कमिशन घेतलं नाही, चांगलं व्हावं म्हणूनच सांगितलं. पण उद्या त्यांच्यावर बालंट येईल का? काकू विधवा आहेत, त्यांनी दागिने गहाण ठेवून पैसे दिलेत. आईंना हे कळल्यापासून त्या रात्री झोपत नाहीत.

*

प्रतिसाद (इंदूरहून, निवृत्त बँक कर्मचारी)

ताई, पहिली गोष्ट: सही अजिबात नको. 'हातउसने' लिहून घेतलं की ती ठेव नव्हतीच असं म्हणायला त्यांना वाट मिळते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा आहे, तो एकट्या व्यक्तीने घेतलेल्या ठेवींनाही लागू होतो. ठेवी घेतल्याबद्दल 2 ते 7 वर्षं कैद, फसवून बुडवल्या तर 10 वर्षांपर्यंत. गुजरातचा ठेवीदार संरक्षण कायदाही आहे, 2003 चा. त्यात मालमत्ता जप्त करता येते. ती विकली जाण्याआधी तक्रार गेली तर काही हाती लागतं, म्हणून थांबू नका.

रोखीचं म्हणाल तर 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख ठेव न घेण्याचा आयकराचा नियम घेणाऱ्यावर आहे, दंडही त्यालाच. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, व्हॉट्सअॅपवरचं काही पुसू नका. चेकवर तारीख भरण्याआधी वकिलाला दाखवा, कारण एकदा तारीख पडली की तो 3 महिनेच चालतो. चेक न वटता परत आला तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्यांना 15 दिवस, तरीही पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात जावं लागतं. या मुदती चुकवू नका.

सासूबाईंबद्दल: जाणूनबुजून खोटं सांगून ठेव द्यायला लावणं हाही त्या 2019 च्या कायद्यात गुन्हा आहे, म्हणून यापुढे कोणालाही एक शब्द सांगायचा नाही. मावशी, काकू आणि त्या अशा तिघींनी एकत्र तक्रार द्यावी आणि कमिशन घेतलं नाही हे जबाबात स्पष्ट लिहून घ्यावं. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आणि 'थोडी फी द्या, पैसे सोडवून देतो' म्हणणारे आता येतील, त्यांना दारात उभं करू नका.

*

धागाकर्ती

खूप आभार. वहीचे फोटो आजच काढले. काकूंशी बोलले, त्या तयार आहेत. मावशी म्हणतात मंडळाची बदनामी होईल. तक्रार काकांच्या व्यवहाराची आहे, मंडळाची नाही, हे त्यांना पटवायला मंडळातल्याच एखाद्या वयस्कर बाईंची मदत घ्यायचा विचार आहे. बडोद्यात ठेवीदारांची प्रकरणं चालवणारा, आईंना मराठीत किंवा गुजरातीत नीट समजावून सांगेल असा वकील कोणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. पुढच्या गुरुवारच्या आत भेट झाली तर बरं, काका तेव्हा सह्या गोळा करणार आहेत.