लोकअदालतीत तडजोड करावी, की जन्मभराच्या सेवेचा हिशोब मांडावा?

मानेवाड्याची ताई
माझा धाकटा भाऊ 28 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी आउटर रिंग रोडवर ट्रकने उडवलं, मानेचा सहावा मणका गेला. मनगट उचलतो, बोटं मिटत नाहीत, छातीखाली काहीच नाही. विमा कंपनीने लोकअदालतीसाठी एकरकमी आकडा सांगितलाय. आई म्हणते, घेऊन मोकळे व्हा. माझं मत, घेऊ नये. त्यात दवाखान्याची बिलं आहेत, बुडालेला पगार आहे, पण त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाची मजुरी नाही. दिवसपाळीचा अटेंडंट 600 रुपये घेतो, महिन्याचे 18,000. अपघाताच्या वेळी वय 26 ते 30 असेल तर न्यायालयं 17 चा गुणक धरतात, वर्षाचा आकडा 17 ने गुणतात. म्हणजे नुसत्या दिवसपाळीचे 36 लाख 72 हजार. रात्र वेगळीच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात अटेंडंटचा खर्च गुणकानेच काढला, ठोक रक्कम धरली नाही. आणि निवाडा झाला की पुढे खर्च वाढला म्हणून पुन्हा मागता येत नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर तर अपीलही नाही.

धंतोलीकर
ताई, हिशोब बरोबर आहे, तरी मी आईच्या बाजूचा. आमच्या बाबांचा दावा सहा वर्षं चालला. तोवर उसनवारीवर घर चाललं, साधी गादी होती, माकडहाडावर हाताची मूठ जाईल एवढी जखम झाली. शेवटी तडजोड केली. त्या पैशातून पहिल्यांदा एअर बेड आणला. सहा वर्षांनी येणारे पन्नास लाख त्या जखमेच्या काय कामाचे? व्याज मिळतं म्हणतात. व्याजाने कातडी परत येत नाही.

मानेवाड्याची ताई
दादा, हे वाचून पोटात गोळा आला. पण आमचा एअर बेड आहे, आणि मागच्या मे महिन्यात रात्री लाइट गेली तेव्हा तो तासाभरात चपटा झाला. सकाळी कमरेखाली लाल चट्टा. इन्व्हर्टर त्या आकड्यात नाही. कूलरही नाही. ज्याला छातीखाली घाम येत नाही त्याला नागपूरच्या 45 डिग्रीत कूलर ही चैन नव्हे. गेल्या उन्हाळ्यात त्याचा ताप 103 वर गेला, इन्फेक्शन कुठेच सापडलं नाही, नुसतं ऊन होतं.

सक्करदऱ्याची काकू
बाई, रागावू नको. माह्या सासूचं नऊ वर्षं मी केलं, अर्धांगवायू होता. एका पैशाचा हिशोब ठेवला नाही. आपल्या माणसाच्या सेवेचे पैसे कोर्टात मोजायचे काहून? आई आहे, तू आहेस. बाहेरचा माणूस पगारापुरताच करते.

मानेवाड्याची ताई
काकू, तुम्ही केलंत ते फार मोठं. सासूबाई तुमच्याआधी गेल्या. माझा भाऊ आईच्या मागे राहणार आहे. आई 58 ची आहे, तिचा गुडघा आत्ताच वाजतो. आणि मी आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. मला न विचारता.

मेडिकलमधली सिस्टर
कोर्टाचं मला कळत नाही. पण दोन तासांनी कूस बदलणं, चार ते सहा तासांनी कॅथेटर, हे एका माणसाच्याने होत नाही. एकटा करणारा सहा महिन्यांत स्वतः भरती होतो. आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला एक शिकवून ठेवा. त्याचं डोकं अचानक ठणकलं, तोंड लाल झालं, कपाळावर घाम आला, तर गोळी शोधत बसायचं नाही. आधी उठवून बसवा, मग नळी मुडपली का, लघवी तुंबली का ते पाहा. बीपी इतकं चढतं की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अडथळा काढल्यावरही बीपी उतरलं नाही तर सरळ दवाखाना.

नंदनवनचा बाप
आमच्या पोरीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. 2016 च्या कायद्यात हा आजार दिव्यांगत्वात आला, पण दावा कोणावर लावायचा? माझ्याजवळ एक फाइल आहे. रक्तगट, हायड्रॉक्सियुरियाचा डोस, शेवटचं रक्त कधी चढवलं, रात्री कोणाला फोन करायचा. माझ्याशिवाय शेजाऱ्याने नेलं तरी काम अडू नये. ताई, तुमच्या घरचं हे सगळं आईच्या डोक्यात आहे ना? ते आधी कागदावर उतरवा. तडजोड करा नाहीतर लढा.

हिंगणा रोड
मी स्वतः चाकाच्या खुर्चीवर, अकरा वर्षं. इतके जण बोलले, भावाला विचारलं का कोणी?

मानेवाड्याची ताई
नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. काल रात्री बसले त्याच्याजवळ. आधी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला पुरुष अटेंडंट पाहिजे, आंघोळ आईने घालायची नाही. दोन वर्षं हे त्याने तोंडातून काढलं नव्हतं. दुसरं, दाराशी उतार करा, मला पानठेल्यापर्यंत जायचंय.

धंतोलीकर दादा, तुमचं एक मी घेतलं. वकिलाला सांगणार आहे, दावा चालू असताना तातडीच्या खर्चासाठी काही मिळवता येतं का ते आधी बघा. तडजोड मात्र नाही. आठवडाभर वही ठेवली: आई रात्री चार-चार वेळा उठते, वेळेसकट लिहिलंय. सोमवारी ती वही, सिस्टरनी सांगितलेलं आणि भावाच्या या दोन मागण्या घेऊन जाते. पुरुष अटेंडंटचा दर जास्त आहे, तो आकडा आज अटेंडंट पुरवणाऱ्या दोन ब्युरोंकडून लिहून घेतला.