मदत हवी आहे: बाळ एकही खूण करत नाही

पाटीपेन्सिल: सहा आठवडे झाले, बोलता येण्याआधी हाताने सांगायच्या खुणा रोज वीस मिनिटं शिकवतोय. बारा खुणांची कार्डं आहेत, व्हिडिओही लावतो. तो नुसता बघत बसतो. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

खडीसाखर: वय?

पाटीपेन्सिल: साडेदहा महिने.

गोगलगाय: दिवस पूर्ण भरून झाला होता का?

पाटीपेन्सिल: सात आठवडे आधी. पण त्याचा इथे काय संबंध?

गोगलगाय: तेवढाच तर संबंध आहे. सात आठवडे वजा करा, नऊ महिनेही भरत नाहीत. दोन वर्षांपर्यंत वाढीचे टप्पे असेच सुधारित वयाने मोजतात. खूण कळायला लागते आधी, हातातून येते नंतर; बहुतेकांची पहिली खूण आठ ते बारा महिन्यांत दिसते. तुमचं काही लांबलेलं नाही.

खडीसाखर: व्हिडिओ मात्र आजच बंद. एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. कार्डंही ठेवून द्या. कार्डावरच्या दुधाने कुणाचं पोट भरत नाही! बारा नको, तीन खुणा घ्या. दूध: मूठ उघडायची-मिटायची. आणखी: दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी जुळवून टोकाला टोक टेकवायचं. झालं: पंजे उघडे ठेवून मनगटातून फिरवायचे. वेळ वेगळा काढायचा नाही. दोन घास द्या, चमचा थांबवा, तो तुमच्याकडे बघेल तेव्हा चेहऱ्याजवळ खूण करा, शब्दही मोठ्याने म्हणा. मनात दहापर्यंत मोजा आणि त्याने काही केलं नाही तरी घास द्या. अडवून रडवलं तर तो खुणेवरच चिडेल.

टंकनिका: 'आणखी' पहिली शिकवू नका हो. ती सगळ्या कुलपांची किल्ली होते. पाणी हवं, आणखी; पंखा हवा, आणखी; उचलून घ्या, तेही आणखी. आधी नावं द्या: दूध, पाणी, दिवा.

खडीसाखर: दिवा दिवसातून दोनदा लागतो, 'आणखी' एका वाटीत पंधरा वेळा येते. सराव कुठे जास्त होतो ते तुम्हीच बघा.

गोगलगाय: भांडू नका. 'आणखी' करताना तो पंख्याकडे बघत असेल, तर तिथेच 'पंखा' म्हणून पंख्याची खूण दाखवायची. किल्ली आपोआप सुटते.

वाटाड्या: खुणा शिकवल्या की मुलं बोलायला आळशी होतात. बंद करा हे सगळं.

टंकनिका: असं दिसलेलं नाही. पण खुणांनी हुशारी वाढते असं सांगून क्लास विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. २०१३ साली इंग्लंडमधला ४० बाळांचा अभ्यास आला, आठ महिन्यांपासून वीस महिन्यांपर्यंतचा. भाषेत खुणावाल्या बाळांना ना तोटा, ना फायदा. खुणा शिकवणाऱ्या आया मात्र बाळाचे न बोललेले इशारे जास्त टिपत होत्या.

घसरगुंडी: दात येत असतील! टीदर (चावायचं खेळणं) फ्रीजमध्ये गार करून द्या, फ्रीझरमध्ये नको, कडक झालेला हिरडीला लागतो.

खडीसाखर: दातांचं कुणी विचारलंय का?

गोगलगाय: पाटीपेन्सिल, एक राहिलं. जन्मानंतर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होता का, आणि श्रवणचाचणी कोणती झाली?

पाटीपेन्सिल: अकरा दिवस होता. ओएई झाली, पास.

गोगलगाय: पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळांची बेरा नावाची श्रवणचाचणीही करतात. ओएई कानातल्या केशपेशींचं काम बघते. पुढे श्रवणनसेने आवाज नीट नेला का, ते बेरात कळतं. पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना विचाराच. घाबरायचं कारण नाही, पण पास आहे म्हणून सोडूही नका.

पाटीपेन्सिल: विचारतो. बाकी बाळ करतो म्हणजे काय, भरवताना एका हाताने दुसऱ्या मुठीवर थापट्या मारतो, तेवढंच.

खडीसाखर: हे आधी का नाही सांगितलं? कधी मारतो?

पाटीपेन्सिल: चमचा थांबला की. ते आपटणंच ना?

खडीसाखर: पाच बोटांची चोच या वयात सहसा जमत नाही. बरीच बाळं टाळी वाजवतात, नाहीतर तळव्यावर बोट टोचतात. त्याने थापटलं की लगेच 'आणखी!' म्हणा, तुमची खूण नीट करा आणि घास द्या. त्याचा हात धरून सुधारायला जाऊ नका.

पाटीपेन्सिल: आणि वाटी संपल्यावरही थापटलं तर?

टंकनिका: म्हटलं होतं ना, किल्ली. रिकामी वाटी दाखवा आणि 'झालं'ची खूण करा.