मदत हवी आहे: एनएफएलच्या दिग्गजांचा रग्बी संघ

मंडळी, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) दिग्गजांमधून पंधरा जणांचा काल्पनिक रग्बी संघ (पंधरा जणांची रग्बी युनियन, तेरा जणांची रग्बी लीग नव्हे) काढतोय. काही जागा पटकन भरल्या. सात नंबरला (फ्लँकर) लॉरेन्स टेलर, आठला जिम ब्राउन, विंगला बॅरी सँडर्स, मागे फुलबॅक डीऑन सँडर्स. उंच किक झेलून पळणं हे तर त्याचं नेहमीचंच काम.

अडलंय दहा नंबरवर (फ्लाय-हाफ, म्हणजे खेळ चालवणारा). क्वार्टरबॅक (पुढे पास टाकणारा) टॉम ब्रेडीचं नाव सगळे घेतात, पण रग्बीत पुढे पास टाकायलाच बंदी, तर त्याचं करायचं काय? माझा कल डग फ्लूटीकडे आहे. बुटका, चपळ, शिवाय १ जानेवारी २००६ला पेट्रियट्सकडून ड्रॉप किकवर (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) गुण मिळवलेला. एनएफएलमध्ये १९४१नंतर तसं कुणाला जमलं नव्हतं. पटतंय का?

दुसरी अडचण पुढच्या फळीची. दीडशे किलोचे लाइनमन स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून ढकलतात तेव्हा) भिंत पाडतील, पण काही सेकंदांच्या प्रत्येक चालीनंतर श्वास घ्यायला थांबायची सवय असलेले हे गडी ८० मिनिटं पळणार कसे? तीन तगडी, पण दमदार नावं सुचवा. हुकर (पुढच्या फळीच्या मधला, स्क्रममध्ये चेंडू पायाने मागे ओढणारा) कोण, तेही सांगा. मला एकही सुचत नाहीये.

एनएफएलचाच नेट एब्नर चालणार नाही हं, तो २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खरंच रग्बी खेळलाय.